राजाचा काना

३ फेब्रुवारी

शिलालेखाचा ठसा फाटला! दुसऱ्यांदा. कागद जास्त ओला झाला आणि ब्रशने ठोकता ठोकता कोपऱ्यातून गेला. चिडून चहा प्यायले. दगड ढिम्म.

इतकी वर्षं जुन्या विहिरीच्या भिंतीत होता, आता संग्रहालयाच्या मागच्या खोलीत माझ्या टेबलाला टेकून बसलाय. भिंतीत असताना कुणीतरी त्याच्यावर चुना फासला होता. तो आता धुऊन काढला, म्हणून ठसा नव्याने घ्यायचा. बाबांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय, तिच्यात हाच जाणार.

४ फेब्रुवारी

ठसा निघाला, झकास! काळ्या शाईत पांढरी अक्षरं. पहिली ओळ ठसठशीत. दुसरी झिजलेली, डोळे फोडले तरी लागत नाही. तिच्यासाठी बाबांनी पुस्तकात ‘राजाची बिरुदे?’ एवढंच लिहून ठेवलंय.

एक गोष्ट खटकली. उद्या बघू.

५ फेब्रुवारी

खटकली ती गोष्ट अशी. पहिल्या ओळीत बाबांनी ‘राजक’ वाचलं – राजघराण्यातला. त्याने विहीर बांधली, म्हणजे इथे राजा होता, म्हणजे राज्य होतं. जुन्या ग्रंथांत तो नाही, प्रवाशांच्या वर्णनांत नाही, दुसऱ्या कुठल्या लेखात नाही. या एका शब्दावर बाबांनी त्याला उभा केला. पाठ्यपुस्तकातसुद्धा आहे तो!

या लिपीत काना म्हणजे अक्षराच्या डोक्याजवळ एक बारीक आडवी रेघ. आणि ‘रा’ची ही रेघ थांबतच नाही. तिरकी वर चढते, थेट दगडाच्या कडेपर्यंत. छिन्नीची नव्हेच ती. भेग आहे! बाबांनी पाहिलं तेव्हा बाकीची चुन्याखाली होती.

काना गेला की ‘राजक’चं ‘रजक’ होतं. रजक म्हणजे धोबी.

दगडावर पाणी मारून पुन्हा पाहिलं. भेगच.

७ फेब्रुवारी

कुदळ आला होता. विहिरीजवळचं उत्खनन त्याच्याकडे आहे, आणि त्याचं खरं नाव बहुतेक तोही विसरलाय. मी भेगेबद्दल चकार शब्द काढला नाही. सहज विचारलं, काय निघतंय?

“मडकीच मडकी! ही एवढाल्या तोंडाची. आत राख, खाराचा थर. आणि विहिरीला लागून उतरते दगड, घासून घासून गुळगुळीत झालेले. तुमचा राजा कपडे धुवायचा काय हो?” स्वतःच खो खो हसला. मीही हसले. काय करणार!

“नाणं?”

“छे.”

बाबा दर हंगामात त्याला फोन करतात – “नाणं सापडलं का रे?” राजा म्हटलं की नाणं पाडणारच, हा त्यांचा हिशोब. माझ्या लहानपणापासून ते त्या नाण्याची वाट बघताहेत. दारातून कुणी पाहुणा यायचा असावा तशी.

१० फेब्रुवारी

आज बाबांकडे. त्यांना आता समोरचं धुरकट दिसतं, छापील अक्षर तर नाहीच. म्हणून मुद्रितं मी वाचून दाखवते. प्रस्तावना वाचली. आभार – प्रकाशकांचे, ड्रायव्हरचे, विहिरीपाशी सावली धरणाऱ्या झाडाचेसुद्धा. शेवटी ‘आणि ठसे घेणाऱ्या साहाय्यकाचे’.

साहाय्यक म्हणजे मी. कॉलेजात असल्यापासून मी. राग नाही. म्हणजे, आहे. चांगला आहे!

आई आतून म्हणाली, “झालं का राजेसाहेबांचं? जन्मभर ही सवत पोसली मी, एकदा भाजी निवडायला आली नाही.” बाबा केवढे हसले! त्या हसण्यापुढे भेगेचं सांगायचं राहूनच गेलं.

११ फेब्रुवारी

चुना धुण्याआधीचा जुना फोटो छापला तर कुणाच्या बापाला कळणार नाही. माझ्या बापाला तर नाहीच.

मुद्रितं सोमवारी प्रेसमध्ये जायची आहेत.

१३ फेब्रुवारी

सांगितलं.

शब्द जुळवून गेले होते, ते सगळे उंबऱ्यातच विसरले. म्हटलं, “बाबा, काना नाहीये.” त्यांना लगेच समजलं कुठला काना! हात पुढे केला. मी ठसा उलटा करून दिला. कागदाच्या मागच्या बाजूने अक्षरं फुगून येतात, उलटी. बाबांना उलटं वाचता येतं, पहिल्यापासून.

‘रा’वर बोट ठेवलं. रेघेवरून सरकवलं. थांबायला हवं होतं तिथे बोट थांबलं नाही, वर चढत गेलं, कडेशी आलं, कागद संपला. पुन्हा पहिल्यापासून. मग कुदळने सांगितलेलं मडक्यांचं, दगडांचंही मी सांगून टाकलं.

“हं,” म्हणाले. बोट कडेशीच ठेवून, “नाणं कुठून सापडणार मग.”

मला रडू आलं. त्यांना दिसलं नसेल. ठसा तिथेच ठेवून आले.

१४ फेब्रुवारी

फोन केला. झोपलेत, असं आईने सांगितलं. बाबा दुपारचे कधीच झोपत नाहीत.

१५ फेब्रुवारी

आईचा फोन. “ठसा मांडीवर घेऊन बसलेत. जेवताना पण! काय दिलंस तू त्यांना?” वर म्हणाली, “प्रेसवाल्याला मात्र स्वतः फोन लावला. थांब म्हणाले.”

माझ्याशी बोलत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. पण सांगितलं नसतं तर मी कुठल्या तोंडाने ठसे घेतले असते?

१७ फेब्रुवारी

सकाळी बाबांचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“ठसेवाली, दुसरी ओळ लागली. बोटाला लागली. बिरुदं नाहीत ती, मीच राजा धरून बसलो होतो. ‘दुहित्रा सह’ आहे, पुढे तिचं नाव. धोब्याने विहीर बांधली – लेकीसह.”

“पुस्तकावर दोन नावं घाल,” म्हणाले. “त्यानेही घातली होती.”