गुरुवारच्या लाटा

१३ मे, बुध.
दक्षिणेतून स्वेल येतोय, मोठ्या लाटांची रांग. लांबच्या वादळाचा, दोन लाटांत चौदा सेकंदांचं अंतर. उद्या सकाळी राजोडीला पोचेल. वारा जमिनीकडून, हलका. मेमध्ये असं क्वचितच जुळतं. सर्फिंगच्या ग्रुपवर अंदाज टाकायचा, तर ग्रुपात आता सगळं विरार-नालासोपारा. बोर्ड घेऊन येतील आणि अंगावर पडतील. टाकलं: 'उद्या पाणी खराब. वारा समुद्राकडून. येऊ नका.'
काकांच्या मृणालला मात्र वेगळा फोन करायचा. शनिवारी नागपूरला चाललीय नोकरीला. वर्षभर शिकतेय माझ्याकडे, धड एक लाट मिळाली नाही पोरीला. तिला तरी...

१४ मे, गुरु.
काय लाटा! एकामागून एक, स्वच्छ, लांबलचक. पाण्यात मी एकटा.
म.ला फोन केला नाही. विसरलो असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो. ती आली की तिचा बोर्ड धरायचा, ढकलायचा, चांगल्या लाटा तिला द्यायच्या. नको वाटलं. इतका हलकट आहे मी.
संध्याकाळी घरी आली. 'उद्या तरी असेल ना रे, दादा?' म्हटलं, बघतो. उन्हाने सोललेलं नाक तिला दिसलं असेल का? चोराच्या मनात चांदणं.

१५ मे, शुक्र.
आज ग्रुपवर खरं टाकलं, स्वेल उतरतोय म्हणून. म. तरी आलीच, उजाडताना. पाणी सपाट. बोर्डवर पालथी पडून वाट बघत राहिली. मग मलाच समजावलं, 'लाटा काय तुझ्या हातात असतात रे? तू काय देव आहेस?' सांगायला तोंड उघडलं, आणि
नाही जमलं.
निघताना किनाऱ्यावर मासेमार पास्कू काका जाळं शिवत बसले होते. तिला म्हणाले, 'काल का नाय आली गो? कसलं मस्त पानी होतं! तुजा भाऊ होता ना आत, एकटाच.'
तिने माझ्याकडे बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिरीजला घरी पोचेपर्यंत स्कूटरवर मागची दांडी धरून बसली, माझा खांदा नाही.

१६ मे, शनि.
गेली. निघताना 'सॉरी' म्हणालो. 'कशाबद्दल?' तिने सगळ्यांदेखत विचारलं. काका-काकू बघत होते. मी खाली मान घालून तिच्या पिशवीत वाडीतली केळी भरत राहिलो.

२१ मे, गुरु.
परत स्वेल. तीनदा नकाशे बघितले. रविवारी येतोय, त्या दिवसापेक्षा चांगला, वारा गप्प. ग्रुपवर विचारणा चालू आहे.
मृणाल अजून ग्रुपात आहे. टाकलेलं सगळं वाचते. खरं टाकलं तर नागपुरात बसून तिला वाचावं लागेल, की रविवारी राजोडीला तिची लाट येतेय आणि ती इथे नाही. नाही टाकलं तर परत तोच मी.
दुपारपासून फोन हातात. एवढंच लिहून झालंय: 'रविवारी सकाळी या. पाणी