दारातला टेम्पो

१४ तारीख, रविवार

दादा,

नमस्कार. मी मजेत आहे. तुम्हीही मजेत असाल असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. आईला नमस्कार सांग.

तुझं पत्र मिळालं. "शेजारच्या काकांचे सगळे पैसे फेडले, आता गल्लीतून मान वर करून फिरतो." शाबास! काकांनी मागितले होते का? बिनव्याजी दिले होते त्यांनी, "जमेल तेव्हा दे" म्हणून. आणि टेम्पोसाठी ज्याचे घेतलेस तो सावकार, दरमहा शेकडा पाचवाला, तो बसलाय फुगत. इथं वेल्डिंगच्या ठिणग्यांनी माझ्या शर्टाची चाळण झालीय. त्यातून पाठवलेले पैसे तू लाज झाकायला वापरलेस.

आता तुझ्या तीन वाटा. पतसंस्थेचं कर्ज काढून सावकाराला फेडायचं. व्याज निम्म्याहून कमी होईल, कबूल. पण एवढा मोठा हप्ता भरणार कोण? टेम्पोला भाडं नाही. दुसरी, सावकाराकडून मुदत वाढवून घ्यायची. म्हणजे आगीतून फुफाट्यात. तिसरी, मी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि आणखी दोन वर्षं इथंच राबायचं. ही शेवटी लिहिलीस, पण अक्षर तिथंच सगळ्यात सुबक आलंय.

चौथी वाट दारात उभी आहे, ती नाही दिसली? विक तो टेम्पो! सावकार बराचसा मिटेल, उरलेल्यापुरतंच पतसंस्थेचं घे. हप्ता झेपेल. वहिनीला फोनवर हेच म्हणालो, तर म्हणते, "भावजी, ते ऐकत नाहीत. म्हणतात, दार ओकंबोकं दिसेल." दिसू दे की! तुझ्या दाराच्या शोभेचं व्याज मी किती दिवस भरू?

परवा मुकादमानं कागद पुढे सरकवला. "कर सही. तुझ्या भावाचा फोन होता, फार अडचणीत आहे बिचारा."

म्हणजे माझा सौदा तू परस्पर करून मोकळा! अरे, बैल विकतानासुद्धा दात दाखवतात. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं, डाव्या डोळ्याला आता जोडाची रेघ दिसत नाही. डॉक्टर म्हणाला, हे काम सोड, नाहीतर उजवाही जाईल. आईला हे कळू देऊ नकोस. तुला कळावं म्हणून लिहिलं.

सही केलेली नाही. करणार नाही. पगार हातात पडला की गाडीत बसतोय. स्टेशनवर न्यायला येऊ नकोस, रस्ता अजून दिसतो मला.

अजून तरी तुझाच,
धाकटा