न धुतलेला नमुना

६ फेब्रुवारी

नमुने धुवायचं हेक्झेन संपलं! खरेदीचा कागद तीन आठवडे कुठल्या तरी टेबलावर झोपलाय. आणि चंद्रिकाचा, माझ्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीचा, नमुना आज पुण्याला जायलाच हवा होता — तिथलं यंत्र आम्हाला आठवड्यातून एकच दिवस मिळतं. शेवटी मीच म्हटलं, न धुता पाठव. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

चंद्रिका माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी चप्पल घालून देवघरात शिरले. भिंतीवर माझ्याच अक्षरातली पाटी आहे — 'कळकट नमुना बाहेर जाणार नाही.' धनाजी, आमचे लॅब अटेंडंट, गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पाटी आजच्यापुरती उलटी करून ठिवू का, मॅडम?"

वर्तमानपत्रातल्या सदराचा लेख साडेचारला दिला. अर्धा तास आधी!

११ फेब्रुवारी

पुण्याहून आकडा आला. ६०. आमचा नेहमीचा आकडा ९४.

गेल्याच महिन्यात सदरात या ९४वर लिहिलं होतं. सोलापूरच्या वाचकाला हे समजावणं सोपं. सुताला पीळ उजवा देता येतो, तसा डावाही. सूत तेच, पीळ उलटा. काही रेणूंचंही असंच असतं. औषधात एका पिळाचा रेणू कामाला येतो, दुसरा नुसता पडून राहतो किंवा त्रास देतो. साध्या रीतीने केलं तर दोन्ही निम्मे निम्मे निघतात. चंद्रिकाचा उत्प्रेरक चिमूटभर घालायचा — तो स्वतः संपत नाही आणि बहुतेक रेणूंना एकाच बाजूने वळवतो. ९४ म्हणजे शंभरात सत्त्याण्णव उजवे, तीनच डावे — आकडा या दोन्हींमधल्या फरकाचा. लोकांनी फोन करून कौतुक केलं होतं.

६० म्हणजे शंभरात ऐंशी. बरा आकडा आहे. पण ऐंशीचा उत्प्रेरक कुणाच्याही कपाटात सापडतो.

चंद्रिका म्हणाली, यंत्र बिघडलं असणार. मी म्हटलं, ओल शिरली असणार. दोघींनी हसून विषय संपवला.

१३ फेब्रुवारी

सदरासाठी विषय सुचेना. उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीवर पांढरा थर का बसतो, यावर लिहून टाकलं.

१८ फेब्रुवारी

हेक्झेन आलं. एकच प्रयोग, एकच चंबू, शेवटी माल दोन भागांत वाटला. एक भाग नेहमीसारखा — थंड हेक्झेनने तीनदा धुतला, मग विरघळवून पुन्हा स्फटिक केला. पांढरा शुभ्र. दुसरा आहे तसा, पिवळट. दोन्ही परवा पाठवणार. उत्तर काय येणार ते मला माहीत आहे असं वाटतंय. चंद्रिकाला बोलले नाही.

२५ फेब्रुवारी

धुतलेला ९४. न धुतलेला ६०.

म्हणजे ९४ हा उत्प्रेरकाचा आकडा नव्हताच. धुण्याचा होता! डावे रेणू हेक्झेनबरोबर गाळणीतून निघून जायचे आणि आम्ही ते ओतून द्यायचो. मागे राहायचे ते उजवे. तीन वर्षं आम्ही उत्प्रेरकाचं कौतुक करत होतो आणि काम करत होती ती गाळणी. वहीत माल दर वेळी कमी भरायचा, तेव्हाच शंका यायला हवी होती. मीच म्हणायचे, "थोडा सांडतोच गं."

पाटी कुठून आली तेही लिहून ठेवते. मी स्वतः पीएच.डी. करत होते तेव्हा पुण्याला नमुना घेऊन गेले होते. तिथल्या माणसाने बाटली उजेडात धरली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "सोलापूरहून काकवी आणलीत का?" तेव्हाच ठरवलं की पुन्हा कुणाला असं म्हणू द्यायचं नाही. नाहीच दिलं. त्याची किंमत आता चंद्रिका भरणार.

२६ फेब्रुवारी

चंद्रिकाशी बोलले. बेंगळुरूच्या कंपनीने तिला घेतलंय. अट एकच — प्रबंध जमा केल्याची पावती. २८ मार्च शेवटची तारीख. प्रबंधाचं तिसरं प्रकरण म्हणजे याच उत्प्रेरकाचे बारा वेगवेगळ्या पदार्थांवरचे बारा प्रयोग. बाराही धुतलेले.

"मॅडम, तळटीप टाकू की. 'आकडे स्फटिकीकरणानंतरचे.' खोटं तर नाही ना ते?"

खोटं नाही. तीच तर पंचाईत! लोक स्फटिकीकरण करतात, तसं लिहितातही. पण आधीचा आकडा शेजारी देतात. आणि आमच्या प्रकरणाचं नावच आहे, 'अत्यंत निवडक उत्प्रेरक'. पीळ देणारा निवडक नसेल तर तळटीप कशाला टेकू देणार?

म्हटलं, बाराही पुन्हा करायचे. न धुता मोजायचे.

"तीस दिवसांत?"

"तीस दिवसांत."

"पाटी तुमची, मॅडम," ती म्हणाली. "आणि परीक्षा माझी."

बरोबर बोलली. पाठ फिरवून गेली आणि दहा मिनिटांत परत आली. अ‍ॅप्रन घालून.

२७ फेब्रुवारी

याच उत्प्रेरकावर संशोधन मासिकाकडे पाठवलेला शोधनिबंध परत मागितला. ईमेलला चार ओळी पुरल्या.

मग सदर. मागच्या महिन्यात काय लिहिलं आणि ते कसं चुकलं, सरळ लिहिलं. पुरवणी बघणाऱ्या शिवराजचा फोन.

"मॅडम, हे छापायचं? आपणच आपली चूक सांगायची? लोक काय म्हणतील?"

"वाचतील तरी. टाकीच्या थरावर एकही फोन नाही आला."

"टाकीचा मला आवडला होता हो…"

छापायचं ठरलं. शीर्षक मात्र त्याने बदललं — 'आमचं चुकलं!' उद्गारचिन्हासकट. असू दे.

६ मार्च

तीन झाले. नऊ उरले. दर वेळी चंद्रिकाचा हात सवयीने हेक्झेनच्या बाटलीकडे जातो. धनाजींनी बाटलीला कुलूपवाल्या कपाटात टाकलं. "बाटलीचा नाद लई वाईट," म्हणाले, "सुटत न्हाय."

१३ मार्च

सहा. एका चंबूला तडा गेला, तो प्रयोग पुन्हा. चंद्रिका फोनवर वडिलांशी कानडीत बोलत होती. मला एवढंच कळलं की मल्लप्पा रागावलेत. त्यांचं अक्कलकोटला डाळीचं दुकान आहे. फोन ठेवून म्हणाली, "अप्पा म्हणतात, तीन वर्षं झालेलं काम परत कोण करतं? मी सांगितलं, जिनं आधी केलं तीच."

मी म्हटलं, माझ्या नावाने काय म्हणाले? ती म्हणाली, "ते मराठीत येत नाही, मॅडम."

१९ मार्च

रंगपंचमी. धनाजी जांभळ्या चेहऱ्याने आले. चंद्रिकाने त्यांना दारातच उभं केलं — "काका, रंगाचा एक कण आत नको! आज शेवटचे तीन आहेत." ते बाहेरच्या नळावर पाऊण तास घासत होते. तरी कान जांभळेच राहिले.

२५ मार्च

बाराही आकडे आले. सगळ्यांत कमी ४८, सगळ्यांत जास्त ६६. चंद्रिकाने तक्ता केला — धुण्याआधी, धुतल्यानंतर, शेजारी शेजारी. प्रकरणाचं नाव बदललं. 'अत्यंत' गेलं, 'निवडक'ही गेलं. उरलं ते साधं, खरं आणि थोडं बुटकं. नवीन नाव टाइप करताना ती एकदाच थांबली. पाणी प्यायली. मग पुढचं पान.

२७ मार्च

प्रबंध बांधायला गेला. चंद्रिका फ्रीज आवरत होती, तेव्हा मागच्या कोपऱ्यात एक चिकट, तपकिरी बाटली निघाली. लेबल — १३. तेराव्या पदार्थावर तिने पहिल्याच वर्षी प्रयोग केला होता. पाच वेळा प्रयत्न करूनही त्याचा स्फटिक झाला नव्हता, तेल ते तेलच. स्वच्छ दिसेना म्हणून तो पुण्याला कधी गेलाच नाही.

धनाजी म्हणाले, "ह्यानं काय गुन्हा केला हुता? बाकीचे बारा जाऊन आले की."

आज यंत्राचा दिवस होता. कुरिअरवाला उभाच होता. दिला.

२८ मार्च

प्रबंध जमा. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. पावतीचा फोटो चंद्रिकाने आधी बेंगळुरूला पाठवला, मग अप्पांना, मग मला. मी तिच्यापासून चार पायऱ्या खाली उभी होते!

१५ एप्रिलला रुजू व्हायचंय. तिकीट काढलं म्हणाली, खिडकीजवळचं.

३ एप्रिल

पुण्याहून आलं. तेरावा — ९८. न धुता. त्यांनाही पटेना, म्हणून दोनदा मोजला.

शंभरात नव्याण्णव. उत्प्रेरकाचा, गाळणीचा नाही. आणि प्रबंधात तो कुठेच नाही.

चंद्रिकाला फोन केला. आकडा सांगितला. तिने तो पुन्हा एकदा विचारून घेतला.

मग म्हणाली, "मॅडम, जमा केलेला प्रबंध परत मागता येतो का हो?"