लांबची गोटी

सदाशिव पेठ, चैत्र वद्य पंचमी

दफ्तरातलं लिहिणं आटोपून घरी आलो, गोट्या काढल्या. लांबची गोटी आजही खळगीच्या अलीकडेच थांबली. रोज हेच. हात आखडतो का माझा? आबांना आता दिसत नाही, पण ओटीवरून नुसत्या आवाजावर म्हणाले, "आखूड पडली. अरे, मोडी लिहिताना आधी कागदभर रेघ ओढतोस, तेव्हा बोरूकडे बघतोस का?"

नाही. कागदाच्या पलीकडच्या कडेकडे बघतो.

मग तसंच, खळगीकडे बघत गोटी सोडली. तिरप्या उन्हातून ती स्वप्नात चालल्यासारखी गेली, त्या रेघेसारखीच, आणि अगदी काठावर थांबली. आबा कान देऊन बसलेले. मी हळूच बोटाने ती आत ढकलली.

"रेघ छान आली," आबा म्हणाले. "आता बोट काढ."