आपल्याच घरातली गुंडी

४ मार्च

चि. गुंड्यास,
अ. आ. तुझी खेळी पोचली. पाटावर शर्टाची पांढरी गुंडी लावून टाकली. आपला 'गो'चा, गुंड्यांनी घरं वेढायचा हा डाव संपतच आला म्हणायचा, कडेची भांडणंही मिटली. माझी काळी गुंडी डावीकडून तिसऱ्या उभ्या रेघेवर, खालून दुसऱ्या आडव्या रेघेवर.

शिवणकाम बरं चाललंय. लेकीचा फोन येतो, पण घाईत असते. हे गेल्यापासून एकटीसाठी रांधायचं जिवावर येतं बघ, ओट्याशी उभ्यानंच खाते. तुझ्या कवळ्या काय म्हणतात? एकाचे दात दुसऱ्याला बसवू नकोस म्हणजे मिळवली.

कळावे, लोभ आहेच, पत्रही असू दे.
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. अगं, काय खेळलीस हे! ती जागा तुझ्याच घरात आहे. वेढलेली मोकळी घरं शेवटी मोजायची, तिथं आपलीच गुंडी ठेवली की आपलंच एक घर कमी. एका घरानं जिंकत होतीस, आता बरोबरी.

मला वाटलं, यात काहीतरी खोच असणार. प्लास्टरचे जबडे बाजूला सारून आठवडाभर डोकं खाजवलं. इथं कापलं तर काय, तिथं घुसलं तर काय, सगळ्या वाटा चालून पाहिल्या. त्या नादात एका आजोबांची कवळी राहिली, ते बिनदातांचेच येऊन बोलून गेले. खोच काही सापडली नाही. चुकून झालं असेल तर परत घे. मग दोघंही पास म्हणू, डाव आटपला.

राग नसावा.
तुझा गुंड्या

२९ मार्च

चि. गुंड्यास,
अ. आ. चूक नाही रे. डाव आटपला की तू लिहीत नाहीस. मागच्या डावानंतर वर्षभर एक ओळ नाही. पोस्टमन दिसला की मी मशीन थांबवायची, तो पुढे निघून जायचा. फार एकटं वाटतं. म्हटलं, एक घर गेलं तर जाऊ दे, एवढी घरं घेऊन करायचंय काय?

आता तुला पास म्हणायचं असेल तर म्हण. मी रुसणार नाही.
ताई

८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. मी शुद्ध गाढव आहे. आठवडाभर पाटाकडे बघत बसलो, तुझ्याकडे बघितलंच नाही. इथं तरी कोण आहे? दिवसभर जबड्यांशी बोलतो, एकही मेला उत्तर देत नाही.

पास म्हणत नाही. माझी पांढरी उजवीकडून दुसऱ्या उभ्या रेघेवर, वरून तिसऱ्या आडव्या. लावून बघ, माझ्याच घरात पडते. म्हणजे पुन्हा तू एका घरानं पुढे.

खेळ आता. मोकळी घरं माझ्याकडेही पुष्कळ आहेत.
तुझा गुंड्या