ओठांच्या कोपऱ्यातले एक्स

रविवार, ९ जुलै १९७२. दुपारी चार वाजून वीस मिनिटे.
या वेळी माझा अपमान झाला. घड्याळ पाहून लिहिते आहे, म्हणजे पुढे कोणाला कानावर हात ठेवता येऊ नयेत.

माझ्या बहिणीचा मुलगा श्रीमंत मुंबईहून आला. तिथे एका संस्थेत तो कॉम्प्युटरवर काम करतो. कॉम्प्युटरने काढलेले चित्र आणले आहे म्हणाला. कडेला भोके असलेला भलामोठा कागद त्याने समोरच्या भिंतीला टाचला. पाहते तो नुसते एक्स, ओ, टिंबे आणि रेघा. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये असले पान सिस्टरनी फाडून हातात दिले असते. चित्र कुठे आहे विचारले, तर म्हणतो, "मावशी, मागं सरक. अजून. पार फाटकापाशी जा."

गेले. वळून पाहिले. दारातून भिंतीवर एक बाई दिसली. कपाळाला आठ्या, ओठांचे कोपरे खाली, नजर अशी की समोरच्याच्या खिशात हिचेच काहीतरी आहे. श्रीमंत म्हणतो, ही तू.

गोजरबाई अंगणात भांडी घासत होती. तिने मान वर केली, चित्र पाहिले आणि फुटकी बशी झटकन पदराखाली सारली. मी तिच्या पाठीशीच उभी होते. मला बशी स्वच्छ दिसत होती.

सोमवार, १० जुलै.
श्रीमंतने पद्धत सांगितली. माझ्या निरोपसमारंभाचा फोटो घेतला, त्यावर चौकोन आखले, कुठला चौकोन किती काळा त्याचे आकडे केले, ते कार्डांवर भोके पाडून यंत्राला दिले. जिथे काळे तिथे यंत्र एक्स छापते. "यंत्राला राग-लोभ नसतो मावशी. जे हाय ते छापतं." 'हाय' म्हणतो. एम.एस्सी. झाला आहे.

मी म्हटले, माझ्या ओठांच्या कोपऱ्यात एवढे एक्स कशाला? म्हणाला, तिथे सावली होती. सावली मंडपाची होती. मी नेहमी हसतमुख असते. सत्तावीस वर्षे कन्याशाळा चालवली ती प्रेमाने. एकाही मुलीने माझ्यासमोर कधी तक्रार केली नाही.

खरे दुखणे पुढेच. शाळेचे चेअरमन सूर्यभानराव चित्र पाहून गेले. पंधरा ऑगस्टला हॉलमध्ये लावायचे म्हणतात. कोपरगावात असले चित्र पहिलेच. म्हणजे मी गेल्यावरही मुलींना मी अशीच दिसणार. हे होऊ देणार नाही.

गुरुवार, १३ जुलै.
श्रीमंत चित्र माझ्यापाशी ठेवून मुंबईला गेला. चूक केली. निश्चय: चित्र स्वतः सुधारायचे. थोडे एक्स पुसले की हसू. यात विज्ञान कसले.

गुरुवार, २० जुलै.
एक्सवर सफेदा लावला, वरच्या ओळीत शाईने नवे एक्स काढले. अडचण एकच. कागदापाशी असताना चेहरा दिसत नाही आणि चेहरा दिसतो तिथून हात पोचत नाही. गोजरबाईला फाटकावर उभे केले. तिने ओरडून सांगायचे, मी दुरुस्त करायचे.
"वर घ्या बाई. आजून. लई झालं, खाली घ्या."
रस्त्याने जाणारे थांबले. एक जण म्हणाला, डाव्या गालाकडं न्या. मी त्याला हसतमुखाने वाटेला लावले. जवळजवळ पळतच गेला.

रविवार, २३ जुलै.
काम पुरे. फाटकातून पाहिले. प्रसन्न, मायाळू चेहरा. गोजरबाईला विचारले, कोण? बराच वेळ मान वाकडी करून पाहत राहिली. मग म्हणाली, "तुमची भैन हाय का? दाढ दुखतीय जनू तिची."
अडाणी आहे. शिवाय आज तिने चित्रादेखत साखरेचा डबा उघडला. पूर्वीच्या चित्रासमोर असे करत नव्हती, हे नोंदवते.

रविवार, १३ ऑगस्ट.
श्रीमंत आला. चित्र पाहून रागावेल वाटले होते. हसत सुटला. म्हणाला, "कार्डं माझ्याकडं आहेत मावशी. पाहिजे तेवढ्या प्रती निघतात." पिशवीतून त्याने मलाच बाहेर काढले. पुन्हा मी. पुन्हा मी. सगळ्यांच्या आठ्या सारख्या. यातली खरी कोणती विचारले. म्हणाला, खरी अशी कोणतीच नाही.
मी समोर बसले होते.

मंगळवार, १५ ऑगस्ट.
निश्चय: आज स्वतः हसून दाखवायचे, म्हणजे यंत्र खोटे पडेल. दोन दिवस आरशासमोर तयारी केली होती.

झेंडावंदनाआधी हॉलच्या दारात उभी राहिले. मुली भिंतीवरच्या नव्या, आठ्यांच्या चित्राकडे तोंड करून बसल्या होत्या. हूं नाही की चूं नाही. मी हसले. चांगले रुंद. पुढच्या रांगेतली एक उठून आली आणि अदबीने म्हणाली, "आजी, कुणाला भेटायचंय? ऑफिस तिकडं आहे."
आजी.
मी तिच्याकडे नुसते पाहिले. सगळा हॉल उभा राहिला. "नमस्ते बाई." मुलींनी एकदा भिंतीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि खात्री झाल्यासारख्या खाली बसल्या.

सूर्यभानराव खूश. "बाई, पोरी चिडीचूप हायेत बगा. दर वर्गाला एक लावू." श्रीमंत म्हणाला, लावू की.

बुधवार, १६ ऑगस्ट.
यंत्राच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिले. मजकूर इथे उतरवून ठेवते:
आपल्या यंत्राने माझा चेहरा माझ्या संमतीवाचून कायम केला आहे. यंत्राने मला एकदाही पाहिलेले नाही. ज्यांनी पाहिले ते आता माझ्याऐवजी त्यालाच विचारतात. कार्डे परत करावीत किंवा हसऱ्या चेहऱ्याची नवी करावीत. गैरसमज नको म्हणून हसरा फोटो सोबत जोडते आहे.

फोटो काढायला स्टुडिओवाल्याला घरी बोलावले. तो काळ्या कापडाखाली बराच वेळ थांबला. मग डोके बाहेर काढून म्हणाला, "झालं बाई. आता हसा."
मी केव्हाची हसतच होते.

फोटो जोडला नाही. बाकी मागणी कायम. ३१ ऑगस्टच्या आत लेखी उत्तर मिळावे. उत्तर माणसाने लिहिलेले असावे, आणि त्यात एक्स नसावेत.