गाडीतला जपानी कागद

लुयांडोताई,

हे तुझ्या हाती पडणार नाही, म्हणूनच लिहितोय.

जपानहून आलेली ती जुनी गाडी दाजींना मीच विकली. पुढच्या खणात एक जपानी कागद सापडला होता, तो मी पुरावा म्हणून नाचवला. "बघा, अस्सल माल!"

"तुला काय कळतंय त्यातलं, गुराख्या?"

"तुम्हा नावाड्यांपेक्षा जास्तच!"

आपण गुरं राखणारे टोंगा, ते नदीवर नावा वल्हवणारे लोझी; दोन्ही जमातींची थट्टा जुनीच. टोमण्यांशिवाय सौदा ठरतो कुठे?

मग मुनालीच्या चढावर गाडी अचानक बंद पडली आणि मागून ट्रक आला. तो कागद तू त्यांच्या गाडीच्या हौसेची आठवण म्हणून दाजींच्या फोटोशेजारी लावलास. गेल्या महिन्यात मी त्याचा फोटो काढून शाळेतल्या जपानी बाईंना दाखवला. कंपनीनं पहिल्या मालकाला लिहिलं होतं: पेट्रोलचा पंप सदोष आहे, गाडी चालता चालता बंद पडेल, ताबडतोब आणा, फुकट बदलून देऊ.

काल मक्याच्या पिठाची न्शिमा वाढताना तू म्हणालीस, "गाडी चांगलीच होती रे. नावाडी माणूस, त्यांनाच चढ जमला नाही."

मी मान डोलावली. आणि आणखी थोडी न्शिमा मागून घेतली.

तुझा धाकटा,
चूलवे